नक्षी जुळवलेली गोधडी आणि तिचे तिरपे कोपरे

ठिगळांची साधी गोधडी रंगांच्या अंदाजाने जुळवता येते. परंतु जिच्या प्रत्येक चौकात छापाची नक्षी चारही बाजूंना सारखी उमटते, ती गोधडी अंदाजाने होत नाही. तिचे निम्मे काम सुई हातात घेण्याआधीच, कापड पसरून छाप न्याहाळताना, होऊन जाते. काठाचे कोपरेसुद्धा हाताच्या सफाईपेक्षा आधी मांडलेल्या हिशेबावर जास्त अवलंबून असतात. पुढे दिलेली मापे तयार झाल्यावर ६० × ७८ इंच, म्हणजे पाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब भरणाऱ्या, एकट्या माणसाच्या गोधडीची आहेत.

मधला भाग आडवे पाच आणि उभे सात अशा पस्तीस चौकांचा असून प्रत्येक चौक शिवल्यानंतर ९ इंचांचा होतो. त्यांतील अठरा चौक नक्षीचे आणि सतरा साधे असावेत व ते बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक यावेत, म्हणजे चारही कोपऱ्यांत नक्षीचाच चौक येतो. साधे चौक नुसते जागा भरण्यासाठी नसतात. सगळीकडेच नक्षी भरली तर डोळा कुठेच ठरत नाही, आणि कापडाच्या ताणाच्या दृष्टीनेही हे साधे चौक उपयोगी पडतात.

सोलापुरात कापडाला तोटा नाही. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत सुती छापील कापड निवडताना ठाण पुरेसे उलगडून दाखवण्यास सांगावे, कारण आपल्याला छाप किती इंचांनी पुन्हा येतो हे पाहायचे असते. एखाद्या पानाचे टोक धरावे आणि अगदी तेच टोक उभ्या दिशेने पुन्हा कुठे येते तिथपर्यंत टेप लावावी. हे अंतर १२ इंच भरले, तर प्रत्येकी २४ इंचांचे चार थर लागतात, कारण नक्षीचा प्रत्येक चौक छापाच्या चार एकसारख्या तुकड्यांचा बनतो. ते ९६ इंच, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर होतात. नासधूस धरून ४४ इंच पन्ह्याचे ३ मीटर कापड घ्यावे. छाप मोठा असावा आणि त्यातील निदान एक बुट्टा डावी-उजवीकडे तंतोतंत सारखा असावा. बारीक ठिपक्यांच्या किंवा चौकड्यांच्या कापडावर ही मेहनत फुकट जाते. साध्या चौकांसाठी दीड मीटर, रुंद काठासाठी सव्वादोन मीटर आणि गोटासाठी, म्हणजे कडेवर वळवून शिवायच्या पट्टीसाठी, पाऊण मीटर कापड पुरते. शहरातील गणवेशाच्या कारखान्यांतून निघणारे तुकडे स्वस्त मिळतात खरे, पण त्यांत बहुधा पॉलिएस्टरची मिसळ असते. त्यांवर इस्त्रीची घडी नीट बसत नाही आणि ते सुती कापडाइतके आटतही नाहीत, म्हणून या कामात ते टाळलेले बरे.

सर्व कापडे कापण्यापूर्वी धुवावीत. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, ही समजूत फारशी भरवशाची नाही. पाणी नितळ येईपर्यंत खळबळून काढणे आणि ओला पांढरा रुमाल कापडावर दाबून पाहणे हीच खरी परीक्षा होय. त्यानंतर नक्षीच्या कापडाला नेहमीपेक्षा दाट खळ द्यावी व किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. सोलापूरच्या उन्हात खळ दिलेले कापड बघता बघता कडक होते, त्यामुळे ते दोरीवर विसरू नये. खळ का हवी, ते पुढे कळेल.

चार थर एकमेकांवर ठेवताना कापडाच्या कडा जुळवायच्या नसतात, छाप जुळवायचा असतो. त्यासाठी प्रत्येक तुकडा छापाच्या एकाच ठिकाणापासून बरोबर २४ इंचांचा कापून घ्यावा, सर्व तुकडे सुलटी बाजू वर करून ठेवावेत आणि एका फुलाच्या मधोमध लांब टाचणी घालून ती चारही थरांत त्याच बिंदूतून जाते आहे का, हे प्रत्येक थर उचलून पाहावे. टाचणी तिरकी झाली तर थर सरकला आहे, असे समजावे. अशा पाच-सहा टाचण्या कापडभर लावून मगच थर पक्के करावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण येथे अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकलेले पुढे कशानेही झाकता येत नाही.

आता नक्षी कुठून कापायची, हा या गोधडीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय. एकसारखे चार चौकोनी तुकडे पाव-पाव वळसा देत एकमेकांशी जोडले, तर चक्राकार नक्षी तयार होते. ती देखणी असते, पण भिंगरीसारखी एका दिशेला फिरल्याचा भास देते. आरशातल्यासारखी स्थिर नक्षी हवी असेल, तर बुट्ट्याची मध्यरेषा तुकड्याच्या बाजूला समांतर न ठेवता तुकड्याच्या कर्णावर ठेवावी. मग प्रत्येक तुकडा कर्णाच्या दोन्ही अंगांना सारखा असतो आणि असे चार तुकडे मध्याभोवती मांडले की चौकाच्या उभ्या, आडव्या आणि दोन्ही तिरप्या रेषांवर नक्षी जुळते. कापण्यापूर्वी दोन छोटे आरसे काटकोनात उभे करून ते कापडावर फिरवून पाहावेत. चौक कसा दिसेल ते तिथल्या तिथे समजते. बुट्ट्याचे टोक मध्याकडे आले तर चांदणी दिसते आणि देठ मध्याकडे आले तर उमललेले फूल, त्यामुळे एकाच छापातून दोन निराळे चौक निघतात.

साचा ५ × ५ इंचांचा असावा. जाड पारदर्शक फाईलचे प्लास्टिक त्यासाठी उत्तम. त्यावर चारही कडांपासून पाव इंच आत शिवणीची रेघ आणि एक कर्ण आखून घ्यावा. नक्षी पाहताना नजर आतल्या रेघेवर ठेवावी, कारण बाहेरची पाव इंच माया शिवणीत जाते आणि कडेला दिसणारी सुंदर कळी शिवल्यावर नाहीशी होते. चारही थर एकदम कापायचे असल्यामुळे रोटरी कटर असल्यास बरे. नसल्यास कात्रीला ताजी धार लावून आणावी. प्रत्येक वेळी निघालेले चार तुकडे लगेच एकत्र टाचून ठेवावेत, कारण ते एका चौकाचे भाऊबंद असतात आणि एकदा मिसळले की शोधून काढताना डोके फिरते.

मध्यरेषा कर्णावर घेतली की तुकड्याच्या चारही कडा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरप्या, कापल्या जातात, आणि उरेब कड थोड्या ओढीनेही लांबते. खळ याचसाठी द्यायची. शिवताना कापड मागून ओढू नये, आणि इस्त्री घासत न नेता उचलून ठेवावी. साधे चौक मात्र उभ्या-आडव्या धाग्यावरच ९.५ इंचांचे कापावेत. ते शेजारच्या उरेब चौकाला आवळून धरतात.

चार तुकड्यांपैकी दोन-दोन आधी जोडावेत. टाचणी कापडाच्या कडेला नव्हे, तर शिवणीच्या रेघेवर, नक्षीतील एकाच बिंदूतून दोन्ही तुकड्यांत घालावी. एका जोडीचा दाब, म्हणजे शिवणीमागे दुमडलेली माया, उजवीकडे आणि दुसरीचा डावीकडे वळवला, म्हणजे मधली शिवण घालताना दोन्ही दाब एकमेकांत बसतात आणि चौकाचा मध्य फुगत नाही. मशीनचा टाका सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. मायेचे माप सांभाळण्यासाठी मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून घ्यावी. प्रत्येक बाजूची माया अर्धा सूत जास्त गेली तर एका शिवणीत एक सूत कमी होते, आणि तीन नक्षीचे व दोन साधे चौक असलेल्या एका ओळीत अशा सात शिवणी येतात. म्हणजे ओळ पाऊण इंचाहून अधिक आखूड भरते. ओळी जोडताना सर्व दाब साध्या चौकांच्या बाजूला वळवावेत, म्हणजे लागोपाठच्या ओळींचे दाब आपोआप उलट दिशांना येतात. मधला भाग ४५ × ६३ इंच भरला पाहिजे. हे माप कडेला न घेता मधोमध घ्यावे, कारण कडा ताणलेल्या असू शकतात.

काठ दोन पट्ट्यांचा करावा: आत दीड इंचाची अरुंद आणि बाहेर ६ इंचांची रुंद पट्टी. अरुंद पट्टीसाठी जुन्या सुती साडीचा काठ फार शोभतो. साडेपाच मीटरच्या साडीच्या दोन काठांतून ४३० इंचांहून अधिक लांबी मिळते आणि आपल्याला २९२ इंचच लागते, त्यामुळे विरलेला भाग खुशाल सोडून द्यावा. अरुंद पट्टी २ इंच आणि रुंद पट्टी ६.५ इंच कापावी, आणि दोन्ही आधी लांबीत एकमेकींना जोडून एकच जोडपट्टी करावी. वेगवेगळ्या लावल्यास कोपऱ्यावर दोनदा तोच खटाटोप होतो. जोडपट्टीची लांबी काढताना मधल्या भागाची बाजू, काठाच्या रुंदीची दुप्पट आणि हाताशी म्हणून ४ इंच, अशी बेरीज करावी. लांब बाजूंना ६३, १५ आणि ४ मिळून ८२ इंच, तर आखूड बाजूंना ४५, १५ आणि ४ मिळून ६४ इंच होतात.

काठावर बुट्टे असतील तर कोपऱ्यात ते समोरासमोर यावेत असे वाटणे साहजिक आहे, आणि त्यासाठी एक छोटासा हिशेब पुरतो. पट्टीचा मध्य बाजूच्या मध्यावर ठेवला, तर लांब बाजूचे मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर आखूड बाजूपेक्षा ९ इंचांनी जास्त असते, आणि काठ कितीही रुंद केला तरी ही तफावत बदलत नाही. त्यामुळे बुट्टा दर दीड, ३, साडेचार किंवा ९ इंचांनी येत असेल, तर चारही पट्ट्यांचा मध्य बुट्ट्यावर ठेवावा; कोपरे आपोआप जुळतात. बुट्टा दर २ किंवा ६ इंचांनी येत असेल, तर लांब पट्ट्यांचा मध्य बुट्ट्यावर आणि आखूड पट्ट्यांचा मध्य दोन बुट्ट्यांमधील मोकळ्या जागेवर घ्यावा. दर ४ इंचांनी येणारा बुट्टा यांपैकी कशातच बसत नाही. तेव्हा मधल्या भागाच्या डाव्या व उजव्या बाजूंना तयार १ इंचाची साधी पट्टी जोडावी, म्हणजे तफावत ८ इंच होते आणि बुट्टा जुळतो. गोधडी तेवढी २ इंचांनी रुंद होते आणि आखूड पट्ट्याही २ इंच जास्त लांब घ्याव्या लागतात. कोयरीसारखी एकीकडे झुकलेली नक्षी मात्र काठाला घेऊ नये, कारण ती कोपऱ्याच्या एका अंगाला आत पाहते आणि दुसऱ्या अंगाला पाठ फिरवते.

जोडपट्टी मधल्या भागाला लावताना शिवण कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे सुरू करावी आणि दुसऱ्या टोकालाही पाव इंच अलीकडेच थांबवून उलटा टाका घालावा. चारही पट्ट्या लागल्यावर प्रत्येक कोपऱ्यात दोन शिवणी एकाच बिंदूवर येऊन थांबल्या पाहिजेत. त्यानंतर गोधडी कोपऱ्यातून कर्णावर, सुलटी बाजू आत घेऊन अशी दुमडावी की शेजारच्या दोन जोडपट्ट्या एकमेकींवर बरोबर पडतील. दुमडीच्याच ओळीत, त्या बिंदूपासून बाहेरच्या कडेपर्यंत, खडूने ४५ अंशांची रेघ आखावी. अरुंद आणि रुंद पट्टीची जोड जिथे या रेघेला छेदते तिथे टाचणी घालावी आणि आधी कच्चा टाका घालून सुलटीकडून पाहावे. पट्ट्यांची जोड एका रेषेत, आणि बुट्टा अर्धा-अर्धा होऊन समोरासमोर आला असेल, तरच आतल्या बिंदूपासून बाहेरच्या दिशेने मशीन मारावी. पाव इंच माया ठेवून जादा कापड कापावे व दाब दोन्हीकडे उघडून इस्त्री करावी. चारही कोपरे तपासून होईपर्यंत कात्रीला हात लावू नये.

आत घालायला घरातली वापरून मऊ झालेली सोलापुरी चादर योग्य. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या जकार्डच्या चादरीवर दोन्ही बाजूंना नक्षी असते, रंगांची तेवढी अदलाबदल होते. त्यामुळे वरचे कापड पातळ असल्यास आतली नक्षी अंधुक दिसते, आणि गडद चादर फिक्या कापडाखाली घालू नये. नवी चादर घट्ट विणीची असल्याने सुई अडते. आपल्याकडे दुपार हिवाळ्यातही तापते, म्हणून हलकी गोधडी हवी असेल तर चादरीऐवजी दोन जुन्या सुती साड्या पुरतात. खालचे अस्तर सर्व बाजूंनी २ इंच मोठे, म्हणजे ६४ × ८२ इंच ठेवावे. तिन्ही थर जमिनीवर ताणून पसरावेत आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने चार-चार इंचांवर मोठे कच्चे टाके घालावेत.

पक्का धावदोरा काठापासून आत, बोटभर अंतराच्या चौकटी घालत न्यावा, ही आपल्या गोधडीची नेहमीची रीत येथे फार सोयीची पडते, कारण दोऱ्याची प्रत्येक चौकट कोपऱ्यातील तिरप्या जोडीवरच वळते. नक्षीच्या चौकांत मात्र समांतर रेघा न ओढता फुलाच्या कडेकडेने टाका घ्यावा. जाड सुती दोरा, मोठी सुई आणि बोटाला अंगुस्तान असावे.

शेवटी जादा अस्तर कापून अडीच इंचांच्या पट्ट्यांचा दुहेरी गोट लावावा. त्याची एकूण लांबी २७६ इंच आणि जोडांसाठी १० इंच लागते, आणि पट्ट्या तिरप्या जोडल्या तर एका जागी जाडी साचत नाही. गोट उलटीकडे वळवून हाताने लपता टाका घालावा, कच्चे टाके उसवावेत आणि खळ निघून जावी म्हणून गोधडी गार पाण्यात एकदा धुऊन, दोरीवर न टांगता, गच्चीवर आडवी पसरून वाळवावी.