दुसऱ्याच्या फोनला हात लावण्यापूर्वी

फोनमध्ये काही अडले की माणूस सहसा विश्वासातल्याच व्यक्तीकडे जातो. मात्र त्या वेळी फोनबरोबर आपले निरोप, छायाचित्रे आणि बँकेचे व्यवहारही तिच्यासमोर उघडे होत आहेत, हे त्याच्या लक्षात असतेच असे नाही. ते भान मदत करणाऱ्याने ठेवायचे असते.

शक्यतो फोन ज्याचा त्याच्याच हातात राहू द्यावा आणि आपण शेजारी बसून कुठे दाबायचे एवढेच सांगावे. अक्षरे मोठी करण्यासारखे काम आपण स्वतः केले तर क्षणात उरकते. सांगून करवून घेताना मात्र समोरची व्यक्ती दोनदा भलत्याच पानावर जाते, परत येते, आणि आपले बोट आपोआप पुढे सरसावते. ते आवरावे. ‘अहो, किती सोपे आहे!’ हे वाक्य तर गिळूनच टाकावे, कारण ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी विचारायलाच येत नाही आणि एखाद्या फसव्या लिंकपुढे एकटा पडतो.

फोन हाती घ्यावाच लागला, तर काय उघडणार आहोत ते आधी सांगावे. मध्येच कोणाचा निरोप पडद्यावर डोकावला, तर थांबून फोन मालकापुढे धरावा. पासवर्ड टाकला जात असताना मान वळवावी. ओटीपी कोणी विश्वासाने वाचून दाखवत असेल, तरी ‘तुम्हीच टाका’ असे म्हणावे. ओटीपी वाचून दाखवण्याची आपल्यापाशी लागलेली सवय उद्या एखाद्या भामट्याच्या पथ्यावर पडते.

नवे खाते उघडून देणाऱ्यांची एक खोड मला विशेष खटकते. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून ते परस्पर स्वतःचाच ईमेल किंवा क्रमांक नोंदवून टाकतात. हेतू चांगला असला, तरी त्या खात्याचा ताबा घेण्याची वाट त्यांच्यासाठी कायमची खुली राहते. मालकाने समजून-उमजून तसे सांगितले असेल, तरच ते करावे. व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे खात्याच्या जादा सुरक्षेचा, सहा अंकी पिनही ज्याचा त्यानेच ठरवावा.

दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचा सल्ला देण्याचे कारण नाही. अमेरिकेतील एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच, गळतीचा पुरावा नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे म्हटले आहे. लांब आणि प्रत्येक खात्यासाठी वेगळा पासवर्ड सुचवावा.

निघण्यापूर्वी व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ ही यादी दोघांनी मिळून पाहावी. एका खात्याला मुख्य फोनखेरीज चार उपकरणे जोडता येतात आणि ती चालण्यासाठी मुख्य फोन सुरू असावा लागत नाही. त्यामुळे कधीतरी छपाईसाठी दुसऱ्याच्या संगणकाला व्हॉट्सॲप जोडताना स्कॅन केलेला कोड तिथे निरोप पोहोचवत राहू शकतो. प्रत्येक नावाखाली ते उपकरण शेवटचे केव्हा वापरले, तेही दिसते. अनोळखी नाव आढळल्यास त्यावर दाबून ‘लॉग आउट’ करता येते. आपण सांगितलेला एखादा बदल मालकाला नकोसा वाटला, तर त्याचे परिणाम एकदा स्पष्ट सांगून सेटिंग होती तशीच ठेवावी.