अमेरिकेत मागे राहिलेले पैसे: शोधायला बसण्याआधी काय काय हाताशी हवं

अमेरिकेत शिकलेल्या, नोकरी केलेल्या आणि मग राज्य बदललेल्या किंवा भारतात परतलेल्या माणसाचे थोडेफार पैसे तिथे अडकून राहिले तर त्यात नवल नाही. अपार्टमेंटच्या डिपॉझिटचा चेक जुन्या पत्त्यावर जातो. शेवटच्या पगारातली रजेची रक्कम मागाहून निघते. गाडी विकल्यावर विमा कंपनी उरलेला हप्ता परत पाठवते. डॉक्टरांचं बिल विमा कंपनीनंही भरलेलं असतं आणि तुम्हीही. तोवर तुम्ही बस्तान हलवलेलं असतं. पैशांचा मालक सापडला नाही की ठरावीक काळानंतर कंपनीला ती रक्कम राज्य सरकारकडे जमा करावीच लागते. बहुतेक बाबतींत 3 किंवा 5 वर्षांनी, पगाराच्या बाबतीत कित्येक राज्यांत वर्षभरातच. राज्यांच्या या खात्यांची देशभरची संघटना, नाउपा, सांगते की दर सात जणांमागे एकाच्या नावावर असं काहीतरी पडून आहे. एकट्या न्यूयॉर्क राज्याकडे 20 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम आहे. हे वाचून लगेच संकेतस्थळावर नाव टाकायचा मोह होतो, पण त्याआधी एक संध्याकाळ कागदपत्रांसाठी काढा.

सगळ्यात आधी पत्त्यांची यादी करा. हे पैसे वॉशिंग्टनमध्ये एका तिजोरीत नसतात, राज्याराज्यांत विखुरलेले असतात, आणि कोणतं राज्य हे ठरतं तुमच्या पत्त्यावरून. 1965 साली टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिला: कंपनीच्या दप्तरात मालकाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, रक्कम त्या राज्याकडे, पत्ताच नसेल तर कंपनीची नोंदणी ज्या राज्यात झाली आहे, त्या राज्याकडे. अमेरिकेतल्या असंख्य कंपन्यांची नोंदणी डेलावेअरमध्ये आहे. त्यामुळे डेलावेअरला कधी पाय लावला नसेल तरी ते राज्य तुमच्या यादीत हवं.

जुने पत्ते आठवून लिहायला गेलं की दोन-तीन नक्की सुटतात. त्यापेक्षा डब्ल्यू-टू (कंपनी दरवर्षी देते तो पगार आणि कपातीचा दाखला) आणि टॅक्स रिटर्नच्या फायली उघडा, त्यांत वर्षागणिक पत्ता मिळतो. ॲमेझॉनच्या खात्यात साठवलेल्या पत्त्यांवर नजर टाका. उन्हाळी इंटर्नशिपला तीन महिने राहिलेली खोलीसुद्धा तिथे सापडते. क्रेडिट रिपोर्टवरही जुने पत्ते असतात आणि तो फुकट मिळतो. प्रत्येक पत्त्यापुढे अपार्टमेंट नंबर, राहिल्याचा काळ आणि काउंटी, म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, लिहा. काउंटीकडे आपल्या लोकांचं लक्ष नसतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये पाच वर्षं काढलेल्याला आपण अलामीडा काउंटीत होतो हे माहीत असतंच असं नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनवाल्याला मिडलसेक्स सांगावं लागतं. इलिनॉयमधलं नेपरव्हिल तर ड्यूपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत पसरलेलं आहे. या शेवटच्या रकान्याचं काम पुढे पडणार आहे.

दुसरी यादी नावांची, आणि ही मराठी माणसाची खरी डोकेदुखी. आपलं नाव तीन पदरी. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे मधलं नाव म्हणून गेलेलं असतं, कुठे पहिल्या नावाला चिकटलेलं, तर कुठे आडनाव म्हणून बसलेलं. लग्नाआधीच्या आडनावानं शिक्षण आणि नंतरच्या आडनावानं नोकरी झाली असेल, तर दोन्ही आडनावं लिहा. पासपोर्टवर नाव आणि आडनाव एकाच रकान्यात असेल, तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (‘फर्स्ट नेम अननोन’, पहिलं नाव माहीत नाही) येतं, आणि वीज कंपनीपासून बँकेपर्यंत सगळे तेच उतरवून घेतात. तेव्हा एफएनयू हे पहिलं नाव समजूनही शोधायचं. स्पेलिंगचे प्रकार वेगळे: दीर्घ ई एका अक्षरानं की दोन अक्षरांनी, व की डब्ल्यू, शेवटचा ‘ए’ ठेवला की गाळला. फोनवरून नाव सांगून उघडलेल्या खात्यांत तर काहीही असू शकतं. माझं मत असं, की पूर्ण नाव टाकूच नका. आडनाव आणि पहिल्या नावाचं एकच अक्षर टाका, मग पत्त्यावरून चाळा. जोशी किंवा पाटील असाल तर न्यू जर्सीची यादी लांबेल, पण हातची ओळ सुटणार नाही. मुलांच्या नावानं खातं उघडलं असेल तर त्यांची नावंही घ्या.

आता शोधायचा क्रम, आणि इथे मी नेहमीच्या सल्ल्याच्या उलट सांगतो. लोक राज्यापासून सुरुवात करतात. तुम्ही काउंटी आणि शहरापासून करा. कारण साधं आहे: राज्याकडे गेलेली रक्कम सहसा मुदतीशिवाय तुमच्या नावावर राहते, काउंटीकडची राहीलच असं नाही. कॅलिफोर्नियात शहर, काउंटी यांसारख्या स्थानिक संस्थेच्या तिजोरीत 3 वर्षं कुणी न मागितलेली रक्कम वर्तमानपत्रात नोटीस देऊन संस्था स्वतःच्या खात्यात वळती करू शकते. ही रक्कम राज्याच्या यादीत दिसतच नाही. टेक्सासमध्येही 100 डॉलरपर्यंतच्या रकमा काउंटी, शहरं आणि सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था (स्कूल डिस्ट्रिक्ट) स्वतःकडेच ठेवतात.

स्थानिक संस्थेकडे आपले पैसे कशाला असतील, असं वाटेल. घर घेतलं असेल तर पहिला संशय प्रॉपर्टी टॅक्सवर घ्या. रीफायनान्स केलं, म्हणजे जुनं कर्ज फेडायला नवं काढलं, त्या वर्षी टॅक्स तुम्हीही भरला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेनंही, असं होतं. जादा रकमेचा चेक निघतो आणि तुम्ही तोवर घर विकून गेलेले असता. शहराच्या पाणीखात्यातलं डिपॉझिट, बांधकाम परवान्यापोटी ठेवलेली रक्कम, कोर्टात भरलेला जामीन, दोनदा भरलेला पार्किंगचा दंड, हेही तिथलंच. त्या काउंटीच्या ट्रेझरर किंवा ऑडिटरच्या पानावर ‘अनक्लेम्ड मनी’ किंवा ‘स्टेल-डेटेड वॉरंट्स’ (मुदतीत न वटवलेले सरकारी चेक) अशी यादी असते. बहुतेकदा ती साधी पीडीएफ असते, त्यामुळे गूगलवर तुमचं नाव टाकून ती वर येईल या भरवशावर राहू नका. फाइल उघडून आत आडनाव शोधा.

टॅक्स थकून घराचा लिलाव झाला असेल तर तातडी आणखी वाढते. थकबाकी वजा जाता उरलेले पैसे जुन्या मालकाचे. मिनेसोटातल्या हेनेपिन काउंटीनं ते दिले नव्हते: 15,000 डॉलरच्या येण्यापोटी 40,000 ला फ्लॅट विकला आणि वरचे 25,000 ठेवून घेतले. मालकीणबाई 94 वर्षांच्या. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. पण हक्क असला तरी मागणी मुदतीत करावी लागते. कॅलिफोर्नियात लिलावाच्या खरेदीखताची नोंद झाल्यापासून 1 वर्ष.

राज्यांचा शोध त्यामानानं सोपा. नाउपानं मान्य केलेल्या मिसिंगमनी डॉट कॉमवर बरीच राज्यं एका वेळी तपासता येतात, पण सगळी नाहीत, म्हणून राहिलेल्या प्रत्येक राज्याचं स्वतःचं पानही बघायचं. कॅलिफोर्नियात हे काम स्टेट कंट्रोलर बघतो, न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये कम्प्ट्रोलर, इलिनॉयमध्ये ट्रेझरर, वॉशिंग्टन राज्यात महसूल खातं. संकेतस्थळाचा पत्ता डॉट जीओव्हीवर संपतो आहे ना, एवढं पाहा. काही राज्यांचे पत्ते तसे नसतात, त्यांच्यासाठी अनक्लेम्ड डॉट ऑर्ग या नाउपाच्या नकाशावरून आत शिरा.

नाव सापडलं की पुराव्यांची वेळ. पासपोर्टची प्रत, सोशल सिक्युरिटी नंबर (तो परत आल्यावरही तुमचाच असतो) आणि सगळ्यात अडणारी गोष्ट: यादीत दिसणाऱ्या त्याच जुन्या पत्त्यावर तुम्ही राहत होता याचा कागद. विजेचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, पगाराची स्लिप, डब्ल्यू-टू, भाडेकरार, काहीही चालतं, पण नाव आणि पत्ता एकाच कागदावर हवेत. परतताना लोक हेच कागद सर्वांत आधी श्रेडरमध्ये घालतात. नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला. जोडखातं असेल तर दोघांचे कागद. मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. त्याचे नियम राज्यागणिक इतके बदलतात की त्या राज्याचा फॉर्म वाचल्याशिवाय एकही कागद जमवायला घेऊ नका.

रक्कम मोठी असेल तर सही नोटरीसमोर करावी लागते. कॅलिफोर्नियात ही रेषा 1,000 डॉलरची आहे, आणि शेअर किंवा बँकेच्या लॉकरमधल्या वस्तू असतील तर रकमेचा प्रश्नच नाही, नोटरी लागतेच. कोपऱ्यावरच्या नोटरीचा शिक्का तिकडे चालेल असं गृहीत धरू नका. मुंबईच्या बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत वेळ ठरवून हे काम होतं, दर शिक्क्याला 50 डॉलर पडतात. दोनशे डॉलरच्या दाव्यासाठी हा खटाटोप करायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आधी त्या खात्याला ईमेल करून, ऑनलाइन नोटरी चालेल का, ते विचारा.

शेअर असतील तर मनाची तयारीही ठेवा. बरीच राज्यं ताब्यात आलेले शेअर काही काळानं विकून टाकतात आणि तुम्हाला विक्रीची रक्कम मिळते. त्यानंतर भाव कितीही चढला तरी तो तुमचा नाही. कंपनीकडून मिळालेले शेअर जुन्या ब्रोकरकडे पडून असतील तर ते सरकारजमा होण्याआधीच तिथे लॉगिन करा, पत्ता बदला. मालक जिवंत आणि जागा आहे एवढी नोंद पुरते.

मध्येच एखादं पत्र येईल: तुमचे पैसे सापडले आहेत, अमुक टक्के द्या, मिळवून देतो. हा धंदा कायदेशीर आहे; कॅलिफोर्निया आणि टेक्सासनं त्यावर 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण राज्य स्वतः दाव्याला एक पैसाही घेत नाही, मग हे टक्के द्यायचे कशाला? आधी फी मागणारा किंवा मेसेजवर बँकेचा तपशील विचारणारा तर सरळ भामटा. उलटंही होतं बरं का: इलिनॉयचा ट्रेझरर जुळणाऱ्या नावांना आपणहून पत्र आणि मग चेक पाठवतो, आणि लोक फसवणूक समजून तो फाडतात.

दावा भरताना पैसे कुठे घेणार ते आधी ठरवा. बऱ्याचदा चेकच येतो, डॉलरमधला, आणि इथल्या बँका असा चेक वटवायला कुरकुरतात. अमेरिकेतलं खातं चालू असेल तर ते बंद करायची घाई नको. तिकडे भाऊ, मेव्हणी कुणी असेल तर टपालासाठी त्यांचा पत्ता देता येतो, मात्र चेक तुमच्याच नावानं निघेल. दाव्याचा नंबर पत्त्यांच्या यादीतच त्या ओळीपुढे लिहून ठेवा. कॅलिफोर्नियाला निर्णयासाठी कायद्यानं 180 दिवसांपर्यंत मुभा आहे. तेवढ्यात रोज स्टेटस बघण्यात अर्थ नाही. नुकतेच परत आला असाल तर तीच यादी वर्षभरानं आणि पुढेही अधूनमधून पुन्हा काढा, कारण तुमच्या बऱ्याच रकमा अजून कंपन्यांकडेच असतील, राज्याकडे पोचलेल्या नसतील.