नांदूर मधमेश्वरला जायचं तर आधी पाण्याची चौकशी करा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर अभयारण्यात पक्षी बघायला जाऊन हिरमुसून परतणारे बहुतेक लोक दोनच चुका करतात. एक तर ऊन चढल्यावर पोचतात, नाहीतर जलाशयात पाणी किती आहे याची चौकशी न करता निघतात. दुसरी चूक जास्त महागात पडते.

हा मुळात पाटबंधाऱ्याचा जलाशय आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि त्यातून उथळ पाणी, दलदल, लहान बेटं तयार झाली. १९८६ साली अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव जाहीर झालं. तो मान मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. पण कालव्यांना शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की आजही पाणी उतरतं आणि वरच्या धरणांतून सोडलं की चढतं. पाणी वीतभर उतरलं तर ओल्या चिखलाची नवी कड उघडी पडते आणि शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी तिथे किडे टिपायला जमतात. तेवढंच पाणी चढलं की ती कड बुडते आणि काल शेकड्यांनी असलेले पक्षी आज त्या जागी नसतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी स्थानिक गाइडला किंवा वन विभागाच्या केंद्रावर फोन करून तीन गोष्टी विचारा: पाणी चढतंय की उतरतंय, सध्या पक्षी कोणत्या बाजूला आहेत आणि प्रवेशाची वेळ व शुल्क काय.

बदकं ऑक्टोबरपासून यायला लागतात, पण पाऊस लांबला असेल तर नोव्हेंबरातही नदी भरलेली असते आणि उथळ जागा कमी मिळतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. रविवार टाळता आला तर टाळाच.

नाशिकहून अंतर साधारण ४० किलोमीटर, सायखेड्यावरून किंवा निफाडवरून जाता येतं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पाच-सव्वापाचला घर सोडायला हवं. या दिवसांत उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. अनेकांना मागे दिवा नसतो, त्यामुळे अंधारात वेग आवरा. रेल्वेने निफाडला उतरणार असाल तर पुढची गाडी आधीच ठरवून ठेवा, पहाटे तिथे वाहन मिळेल या भरवशावर राहू नका. निफाडची थंडी तर दर हिवाळ्यात बातमीत असते. कानटोपी घ्याच आणि मोज्यांचा एक जादा जोड ठेवा, कारण बांधावरच्या दवाने दहा मिनिटांत बूट भिजतात.

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, खाणगाव थडीला वन विभागाचं माहिती केंद्र. कुठेही उभे राहा, पण सूर्य पाठीशी घ्या. सूर्य समोर असेल तर हळदीकुंकू बदकाच्या चोचीवरचा पिवळा-लाल रंग दिसत नाही, सगळी बदकं काळ्या ठिपक्यांसारखी वाटतात.

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ (आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) पुरते, पण ती आपल्या डोळ्यांना लावून घ्या. उजवी काच झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. त्यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. लांबच्या रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण, हवा, पण साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि ६० पट मोठं केलेलं चित्र नुसतं वितळल्यासारखं दिसतं. तेव्हा २०-२५ पटींवर या.

पांढरे आणि भडक कपडे नकोत. पक्ष्यांकडे सरळ चालत जाऊ नका, तिरपे जा आणि थांबत जा. खाणं थांबवून माना वर झाल्या की तिथेच थांबा. थवा एका दिशेने पोहायला लागला तर दहा पावलं मागे या. मोबाइलवरून पक्ष्यांचे आवाज वाजवणं, ड्रोन उडवणं, फरसाण टाकणं हे काहीही करू नका.

ओळख रंगापेक्षा वागण्यावरून लवकर पटते. चोच पाण्याला टेकवून गोल फिरत राहिलं तर ते थापट्या बदक. शेपूट वर करून डोकं बुडवणारं, लांब टोकदार शेपटीचं ते तलवार बदक. उडण्याआधी पाण्यावर धपधप धावत जाणारा, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी म्हणजे वारकरी. हे नाव देणाऱ्याला दाद द्यावी! हे विखुरलेले वारकरी अचानक एकमेकांना चिकटून दाट पुंजका करू लागले तर दुर्बीण पाण्यावरून उचला आणि वर बघा. बहुतेक वेळा पाणगवतावरून पंख इंग्रजी व्हीसारखे धरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी येत असतो. त्याला एकटा, कडेला पडलेला पक्षी हवा असतो.

पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) पाण्यावर दिसले नाहीत म्हणून नाराज होऊ नका, ते आसपासच्या शेतांत चरायला जातात. शेत बघायचं तर रस्त्यावरूनच बघा. द्राक्षबागेत किंवा हरभऱ्यात पाय टाकलात तर शेतकरी ओरडेल, आणि ते बरोबरच आहे.

संध्याकाळी परतणारे थवे बघण्याचा मोह होतो, पण सूर्य टेकला की गाडीकडे वळा. दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वाटेने एकट्याने किंवा लहान मुलांना मागे ठेवून चालू नका. या तालुक्यात बिबट्या उसातच राहतो.