आकृतिबंधाचा जीआर आला की पदं कुठे गेली ते कसं शोधायचं

सरकारी नोकऱ्या कमी करणारा कायदा येतोय असं कुणी म्हटलं की सगळे विधेयकाची पीडीएफ शोधायला लागतात, पण आपल्याकडे पद रद्द करायला बहुतेक वेळा विधेयक लागतच नाही. मुलकी पाटलांचं पद १९६२ च्या कायद्याने गेलं, तामिळनाडूने १९८१ मध्ये कायदा करून गावपातळीवरच्या अर्धवेळ अधिकाऱ्यांची पदं रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने तो कायदा मान्यही केला, पण असे प्रसंग थोडे. एरवी खातं प्रस्ताव पाठवतं, वित्त विभागाकडून फिरून तो सचिवांच्या समितीसमोर जातो आणि मग एक जीआर, म्हणजे शासन निर्णय निघतो, सुधारित आकृतिबंधाचा, म्हणजे खात्यात कोणती पदं किती मंजूर आहेत त्याच्या नव्या तक्त्याचा. त्यावर ना सभागृहात चर्चा ना टीव्हीवर. म्हणून परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला आणि नोकरीत असलेल्यांनाही हा जीआर वाचता आलाच पाहिजे.

आधी शोधायचा कसा ते बघा. राज्य शासनाच्या वेबसाइटवर शासन निर्णयांचं पान आहे, तिथे आपला विभाग निवडून "आकृतिबंध" शब्द टाका, नाही मिळाला तर "पुनर्रचना", "पदे", "निरसित" असं एकेक टाकून बघा. पीडीएफ लगेच सेव्ह करा आणि शेवटी दिलेला संकेतांक लिहून ठेवा, पुढे अर्जात तोच लागतो.

उघडल्यावर प्रस्तावनेत अडकू नका. वरच "वाचा" म्हणून जुन्या जीआरची यादी असते, त्यातून मागच्या आकृतिबंधाचा जीआर काढा आणि दोन्हींची परिशिष्टं शेजारी ठेवून एकेक पदनाम जुळवा. नुसती एकूण बेरीज बघून समाधान मानायचं नाही, कारण वर अधिकाऱ्यांची चार पदं वाढून खाली लिपिक-शिपायांची चाळीस गेलेली असू शकतात.

आता शब्द. "निरसित" किंवा "व्यपगत" म्हणजे पद गेलं. "मृत संवर्ग" म्हणजे आत्ता जो बसलाय तो रिटायर होईपर्यंतच पद, नंतर भरती नाही. "अधिसंख्य" म्हणजे माणूस आहे पण तो मंजूर पदांच्या बाहेर धरलाय, तो गेला की ते पदही जातं. आणि "बाह्ययंत्रणेद्वारे", हा शब्द मला सगळ्यात घातक वाटतो, कारण काम तेवढंच राहतं पण माणूस एजन्सीचा येतो, त्याला बिंदुनामावली (पदभरतीतल्या आरक्षणाचा क्रम) नाही, पेन्शन नाही, आणि अनुकंपाच्या यादीत वर्षानुवर्षं थांबलेल्या घरांना जी गट-क, गट-ड ची जागा मिळाली असती तीच संपते. डिसेंबर २०२० चा शाळांमधल्या शिपायांचा जीआर आठवा, पुढे रिक्त होणाऱ्या पदांवर नेमणुकीऐवजी शाळेला ५,००० ते १०,००० रुपये महिना शिपाई भत्ता ठरवला. त्यानंतर सप्टेंबर २०२३ चा, नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घेण्याचा जीआर आला, त्याविरोधात मात्र राज्यभर तरुण रस्त्यावर उतरले, विरोधी पक्षांनीही उचलून धरलं आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने रद्द केला. म्हणजे वेळेत लक्षात आलं तर जीआर मागे जातो.

अजून एक, "रिक्त पदांचं प्रमाण घटलं" अशी बातमी आली की लगेच खुश होऊ नका. समजा मंजूर १००, भरलेली ६०, रिक्त ४०. नवीन आकृतिबंधात मंजूर ७० केली की रिक्त राहतात १०, भरती एकाचीही नाही. त्यामुळे कायम तीन आकडे सोबत मागा, मंजूर, भरलेली, रिक्त, आणि तेही दोन वेगवेगळ्या तारखांचे.

हे आकडे जीआरमध्ये नसतील तर माहिती अधिकार आहेच. राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवायचा, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, ऑनलाइनही करता येतो. मजकूर साधा ठेवा: "अमुक संकेतांकाच्या शासन निर्णयापूर्वी व नंतर संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती, तसेच सचिव समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी." "का कमी केली" असं विचारू नका, कारण विचारलं की माहिती अधिकारी ते माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून परत पाठवतात, कागद मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

कागद हातात आला की अधिवेशनाआधी आमदाराला द्या, म्हणजे तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लागू शकते. विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे प्रत्येकी सात आमदार आहेत, त्यांना आधी गाठा, त्यांचे मतदारच पदवीधर आणि शिक्षक आहेत. खरंच विधेयक आलं असेल तर कलमांसोबत शेवटचं वित्तीय ज्ञापन (खर्चाचा तपशील) आणि नियम करण्याचे अधिकार कुणाला दिलेत ते वाचा, पदं पुढे नुसत्या अधिसूचनेने घटवायची सोय तिथे सापडू शकते.

नोकरीत असाल आणि तुमचंच पद गेलं असेल तर "चौकशी न करता कसं काढलं" या मुद्द्यावर विसंबू नका, पद रद्द होणं ही शिक्षा नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच म्हटलंय. समायोजन (दुसऱ्या पदावर सामावून घेणं) का केलं नाही, रिक्त समकक्ष पद कुठे होतं, तेच काम एजन्सीकडून करून घेताय का, हे कागदानिशी मांडा. आधी विभागाकडे लेखी निवेदन, पोच घेऊन, आणि मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं तर साधारण एक वर्षाची मुदत असते, त्यामुळे आदेश हातात पडला ती तारीख त्याच दिवशी त्या कागदावर लिहून ठेवा.