अनवाणी चालायचं तर आधी जमीन बघा

बेळगावात सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जात असाल, तर शेवटची पाच मिनिटं चपला हातात घेऊन चालून बघा. पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. जाड तळव्याच्या बुटात त्यांना फारसं काम उरत नाही. उघड्या पायानं चालताना बोटं पसरतात, जमीन धरतात, कमानीचे बारीक स्नायू कामाला लागतात आणि तळव्याकडून मेंदूला जमिनीची खबर मिळत राहते. तोल सुधारतो तो यामुळं. दवात चालल्यानं चष्मा जातो वगैरे मात्र सोडून द्या.

सुरुवातीला दिवसाआड एवढंच पुरे. पोटऱ्या भरून आल्या तर वेळ वाढवू नका. टाच दुखत असेल तर थांबाच. गवत किंवा भुसभुशीत माती उत्तम. खानापूरकडचा जांभा खडबडीत, नवख्या पायांचं ते काम नव्हे. पावसाळ्यात, लोक उघड्यावर शौचाला बसतात त्या बाजूच्या ओल्या मातीत तर अजिबात नको. अंकुशकृमी या रक्त पिणाऱ्या जंताची अळी थेट कातडीतून आत शिरते आणि पुढं अंगातलं रक्त कमी होत जातं.

मधुमेह असलेल्यांनी हा प्रयोग करूच नये. पाय बधिर झाला की बाभळीचा काटा रुतलेलाही कळत नाही, जखम चिघळते. बाकीच्यांनी घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधल्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तळवे उजेडात बघावेत. काही खोल रुतलं असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.