कंत्राटी काम आणि बिऱ्हाड हलवण्याचा खर्च: प्राप्तिकरात काय मागता येते

लातूर, बीड किंवा नांदेडहून वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत, नाहीतर थेट पुण्याला, कंत्राटावर काम घेऊन जाणाऱ्यांना सामानाचा टेम्पो, सुरुवातीच्या दिवसांचे लॉज आणि नव्या जागेचे भाडे असा मोठा खर्च एकदम करावा लागतो. हा खर्च करातून वजा होतो की नाही, हे सर्वस्वी आपल्याला मिळणारा पैसा कायद्याच्या कोणत्या शीर्षाखाली (पगार की व्यवसाय) येतो यावर ठरते.

त्यासाठी प्रथम प्राप्तिकर पोर्टलवरील फॉर्म २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि आपला करार समोर ठेवावा. नेमणूकपत्रात ‘कंत्राटी’ असे लिहिलेले असले, तरी कर कलम १९२ खाली कापला जात असेल तर तुम्हाला पगारदार धरले आहे. अशा वेळी बदली झाल्यावर मालकाने प्रवास, बांधाबांध आणि वाहतुकीसाठी भत्ता दिला, तर प्रत्यक्ष खर्चापुरता तो कलम १०(१४) नुसार करमुक्त असतो आणि नव्या करप्रणालीतही (जिच्यात दर कमी, पण बहुतेक वजावटी नसतात) ही सवलत मिळते. पदरचा खर्च मात्र पगारातून वजा करता येत नाही.

कपात १९४जे (व्यावसायिक फी) किंवा १९४सी (कंत्राटाची रक्कम) खाली होत असेल, तर तुमचे उत्पन्न सहसा व्यवसायाचे असते. अभियंते, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार, माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक अशांपैकी बरेच जण कलम ४४एडीए (जमेचा ठरावीक हिस्साच उत्पन्न धरण्याची सोय) निवडतात. वर्षभराची एकूण जमा, म्हणजे मिळालेली सगळी रक्कम, ५० लाखांपर्यंत, किंवा रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. उरलेल्या निम्म्यात सगळा खर्च आला असे कायदा मानतो, त्यामुळे टेम्पोचे बिल वेगळे मागता येत नाही. याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणजे दुसरे उत्पन्न नसेल तर २४ लाखांपर्यंत जमा असणाऱ्याला खर्च दाखवून काहीच साधत नाही. त्याने विवरणपत्र वेळेत भरून कापलेला टीडीएस परत मिळवावा, हेच शहाणपणाचे. निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवायचे झाल्यास हिशेबाची पुस्तके ठेवावी लागतात आणि उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या (जिच्याखाली कर लागत नाही) वर असेल तर लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. त्याची फी वाचणाऱ्या कराहून जास्त होते का, हे आधी पाहावे.

प्रत्यक्ष खर्च दाखवून आयटीआर-३ (व्यवसायाच्या उत्पन्नाचे विवरणपत्र) भरणाऱ्याची कसोटी कलम ३७(१) मध्ये आहे: खर्च पूर्णपणे व्यवसायासाठी झालेला हवा, तो वैयक्तिक नसावा आणि भांडवलीही (दीर्घकाळ उपयोगी मालमत्तेवरचा) नसावा. कुटुंबाचे कपाट, गादी, भांडी हलवण्याचा खर्च वैयक्तिकच ठरतो. संगणक, मोजणीची उपकरणे, कार्यालयाच्या फायली हलवण्याचा खर्च सामान्यतः व्यवसायाचा असतो. म्हणून एकाच टेम्पोत दोन्ही जात असले, तरी वाहतूकदाराकडून दोन वेगळी बिले घ्यावीत आणि बिल्टीवर सामानाची यादी लिहून घ्यावी. एकच ठोक बिल असेल तर नंतर वाटणी पटवून देणे फार जड जाते. अख्खा कारखाना हलवण्याची गोष्ट निराळी आहे. सीतलपूर साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो खर्च भांडवली ठरवला होता, त्यामुळे यंत्रसामग्री असलेल्या ठेकेदारांनी सीएला विचारल्याशिवाय तो नफा-तोटा पत्रकात घालू नये.

सर्वांत उपयोगाचा मुद्दा तात्पुरत्या मुक्कामाचा आहे. कार्यालय नांदेडलाच राहिले आणि जालन्याच्या साइटवर काही काळ जाऊन राहावे लागले, तर रेल्वेभाडे आणि लॉजचे बिल हा व्यवसायाचा प्रवासखर्च होतो. कार्यालयाचा पत्ता, कामाचा आदेश आणि मुक्कामाच्या तारखा एकमेकांशी जुळल्या म्हणजे झाले. मात्र कुटुंब सोबत नेऊन घर भाड्याने घेतले की ते भाडे घरखर्चात जाते. त्यावर कलम ८०जीजी खाली दरमहा जास्तीत जास्त ५,००० रुपयांची वजावट मिळू शकते, पण ती फक्त जुन्या प्रणालीत आणि फॉर्म १०बीए भरल्यावर. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली निवडण्यासाठी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा तिकडे जाऊन नव्या प्रणालीत परत आले की पुन्हा जुन्या प्रणालीकडे सहसा जाता येत नाही; एवढ्याशा वजावटीसाठी हा निर्णय घाईने घेऊ नये.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होतो. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे.

वरील कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र त्यानुसारच भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने त्यानंतरच्या खर्चासाठी नवे क्रमांक पाहून घ्यावेत.

ग्राहक कंपनी हलण्याचा खर्च देणार असेल, तर ती रक्कम फीमध्ये मिसळून देणार की मूळ बिलांवर भरून देणार, हे करारावर सही करण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे, कारण फीमध्ये मिसळलेली रक्कम तुमच्या एकूण जमेत धरली जाते.