विंडोज ११ वर जाताना या चुका टाळा, माझंही डोकं वाचेल

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि नागपूरच्या बर्डीत माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलासमोर रांग लागली. एरवी दिवाळीच्या तोंडावर लोक माळ्यावर सापडलेले कीबोर्ड नि बंद पडलेले प्रिंटर घेऊन येतात. त्या दिवाळीत अख्खी मशीनं आली. सगळ्यांचं मागणं एकच, "अकरा टाकून दे भाऊ, पण आतलं काही जाऊ नको देऊ."

टाकणं अर्ध्या दिवसाचं काम. कटकट सुरू होते ती नंतर, आणि दर वेळी तीच. विंडोज ११ आली २०२१ मध्ये, टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना ओळखीचं, सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी) अट घेऊन. ऑक्टोबर २०२४ च्या २४एच२ अपडेटने आणखी पेच आवळले. जी कुलपं आधी हौसेने लावायची होती ती आता लावूनच मिळतात. लोकांना कुलूप लागल्याचं कळत नाही, किल्ली कोणाकडे आहे ते माहीत नसतं, आणि अडलं की दार फोडायला माझ्याकडे येतात. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतो.

रिकव्हरी की कुठे आहे हे माहीत नसणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

मानेवाड्याकडच्या एक ताई घरातून वधूवर सूचक केंद्र चालवतात. लॅपटॉपमध्ये अकरा वर्षांचे बायोडेटा, फोटो, पत्रिका, कोणाचा पगार किती, कोणाचा साखरपुडा का मोडला, सगळं. संक्रांत होऊन मुहूर्त सुरू झालेले, आणि त्या लॅपटॉप कापडी पिशवीत घालून आल्या. "भाऊ, मी काहीच नाही केलं जी. सकाळी उघडला तर निळं निळंच दिसून रायलं."

स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की (अडलं तर उघडायची जादा किल्ली) मागितली होती. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे.

ताईंनी खरंच काही केलं नव्हतं. भाच्याने केलं होतं. आदल्या रात्री तो मुक्कामाला होता, त्याला कुठलासा गेम खेळायचा होता, गेमने सिक्युअर बूट मागितलं, आणि साहेबांनी एक व्हिडिओ बघत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरून दिसेल ते चालू-बंद केलं. आता टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरच्या आतलीच एक छोटी तिजोरी समजा. डिस्क उघडायची किल्ली तिच्यात असते. मशीन सुरू होताना सगळं कालच्यासारखंच आहे का हे तपासलं जातं, आणि काही वेगळं आढळलं की तिजोरी किल्ली देत नाही. तिला काय माहीत, बायोसमध्ये भाचा शिरला होता की चोर?

"पण मी असं कुलूप लावलंच नव्हतं ना," ताई म्हणाल्या. बरोबर, नव्हतंच लावलं. २४एच२ पासून कोरी विंडोज टाकली किंवा नवं मशीन घेतलं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच डिस्कचं कुलूप, आपोआप चालू होतं, अगदी होम आवृत्तीतसुद्धा. आधी त्यासाठी हार्डवेअरच्या काही अटी होत्या, त्या सैल केल्या. किल्लीची एक प्रत त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. म्हणून मी विचारलं, अकाउंट कोणाचं?

"कोणतं अकाउंट?"

लॅपटॉप जिथून घेतला तिथल्या पोराने 'सगळं सेट करून' दिला होता. बिलाच्या मागे त्याचा नंबर सापडला. पोरगं दुकान सोडून हिंगण्याला कंपनीत लागलेलं. त्याने घाईत स्वतःचंच अकाउंट टाकलं होतं, त्याचा पासवर्ड विसरला होता, आणि त्याला जोडलेलं सिम केव्हाच बंद. पर्यायी ईमेल उघडून कोड मिळवेपर्यंत तीन दिवस गेले. तिन्ही दिवस ताईंचा सकाळी फोन: मुलाकडचे रविवारी येणार आहेत, मुलीची पत्रिका आतच आहे.

शेवटी पान उघडलं तर त्यात तीसेक मशीनच्या किल्ल्या! सगळ्यांची नावं 'डेस्कटॉप' आणि पुढे काहीबाही अक्षरं. निळ्या स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं घेऊन मी एकेक ओळ जुळवत बसलो. अठराव्या ओळीला जुळली. ४८ आकडे दोनदा तपासून टाकले, मशीन उघडलं, पत्रिका मिळाली. उरलेल्या घरांना अजून पत्ताच नाही की त्यांची किल्ली कुठे आहे.

आणि ती ओळ सापडली नसती तर? काहीच झालं नसतं. "अमुक दुकानात काढून देतात म्हणे" हे मी महिन्यातून चारदा ऐकतो. देत नाहीत. हरवलेली की मायक्रोसॉफ्टसुद्धा बनवून देऊ शकत नाही. विंडोज कोरी टाका, आतलं गेलं समजा.

मशीन उघडल्यावर ताईंचं पहिलं वाक्य, "ते काढूनच टाका आधी." मी काढलं नाही. ही पिशवी ऑटोत राहिली असती तर? एन्क्रिप्शन नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायला दहा मिनिटं लागतात, विंडोजचा पासवर्ड आड येत नाही. अकरा वर्षांत लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी, फोटोंसकट, कोणाच्या हाती जातील? ताई गप्प झाल्या आणि मग अकाउंट स्वतःच्या नावाने करून मागितलं. नवी की तयार केली, जुनी त्या पोराच्या पानावर पडली असेल तर पडो.

मोठमोठ्यांचीही हीच तऱ्हा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बसली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इलाज साधा होता, एक फाइल पुसायची. पण ज्या मशीनवर बिटलॉकर होतं तिथे आधी ती की टाकावी लागत होती, आणि त्या शोधण्यातच कित्येकांचा वेळ गेला.

माझी पद्धत सांगतो, पुस्तकी नाही. मशीन ग्राहकाच्या हाती देण्याआधी त्याच्याच मोबाइलवर त्याच्याच अकाउंटचं रिकव्हरी की पान उघडायला लावतो. की दिसली, आयडी जुळला, मगच पैसे घेतो. मग त्याच्याकडून ते ४८ आकडे कागदावर लिहून घेतो आणि घरातल्या वीजबिलाच्या किंवा विम्याच्या फाइलला लावायला सांगतो. हसतात लोक. हसा. की चा फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणारे मी पाहिलेत, तिजोरीची किल्ली तिजोरीतच.

आणि बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनलमध्ये बटण आहे, होममध्ये नाही, तिथे मॅनेज-बीडीई कमांडने करावं लागतं. दोन मिनिटांचं काम, पण व्हिडिओवाले ते सांगत नाहीत, कारण निळी स्क्रीन त्यांच्या घरी येत नाही.

पिनच्या भरवशावर पासवर्ड विसरणं

रोज सहा आकडी पिन टाकून लोक पासवर्ड विसरून जातात. पिन त्या मशीनच्या टीपीएमशी बांधलेला असतो, नेटवर कुठे जात नाही, म्हणून तो चांगलाच. पण टीपीएम पुसलं गेलं, मदरबोर्ड बदलला, की पिन मेला आणि पासवर्ड आठवावा लागतो. तोही त्याच वीजबिलाच्या फाइलमध्ये ठेवा, माझं काही म्हणणं नाही.

'टीपीएम नाही' म्हणून खरेदीला धावणं

बहुतेक वेळा असतं, बंद असतं. इंटेलच्या बायोसमध्ये ते पीटीटी या नावाने लपलेलं, एएमडीत एफटीपीएम नावाने. इंटेल आठवी पिढी किंवा पुढचं मशीन असेल तर आधी तिथे बघा. चिप विकत आणून मग मला विचारू नका कुठे लावायची.

लेगसी मोडमधल्या (सुरू होण्याची जुनी पद्धत) मशीनला थेट यूईएफआय (नवी पद्धत) करणारेही असेच. डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर असेल, नवी जीपीटी नसेल, तर बूटच होणार नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन दिलंय, त्याने आधी नुसती तपासणी करा, बॅकअप घ्या, मग बदला. त्या क्रमाने. घाई असेल तर दोन दिवसांनी करा.

जुनं चालावं म्हणून नवं कुलूप काढणं

ही दुसरी नावडती चूक. हिच्यावर माझा खरा राग आहे, कारण ही चूक बहुतेक वेळा माझ्याच धंद्यातले लोक करतात.

इतवारीत एक ठोक व्यापारी. पाच मशीनं, आणि कोपऱ्यात पोत्यांच्या मागे एक जुनी, जिच्यावर हिशेबाचं फोल्डर सगळ्यांना शेअर केलेलं, पासवर्ड वगैरे काही नाही. नव्या मशीनवर विंडोज ११ प्रो, २४एच२. फोल्डर उघडेना. संदेश असा, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे विनाओळख पाहुण्याला प्रवेश नाही. शेठ माझ्यावरच ओरडले, "कोणती संस्था? इथं तर मीच आहे!"

झालं असं की २४एच२ च्या प्रो आवृत्तीत बिनपासवर्डाचा गेस्ट प्रवेश बंद केलाय आणि फाइल शेअरिंगच्या प्रत्येक निरोपावर सही सक्तीची केलीय, ज्याला एसएमबी सायनिंग म्हणतात. म्हणजे मधेच कोणी निरोप बदलला तर कळतं. माझ्या आधी एक जण येऊन गेला होता. त्याने पंधरा मिनिटांत काम केलं: गेस्ट चालू, सायनिंग बंद, आणि वर एसएमबी१, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनाट पद्धत, चालू. त्या दिवशी फोल्डर उघडलं. शेठ खूश, तो पाचशे घेऊन गेला. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा अडलं, तेव्हा मला बोलावलं.

एसएमबी१ म्हणजे काय ते या लोकांना आठवत नाही का? १२ मे २०१७. वॉनाक्राय, फाइली कोंडून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांतली मशीनं बंद पडली, ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. ते पसरलं याच जुन्या एसएमबी१ मधल्या भोकातून. आणि त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच, दोन महिने आधी, आलेलं होतं. लोकांनी 'रिमाइंड मी लेटर' दाबून ठेवलं होतं. ज्या दरवाज्यातून ते शिरलं तोच हा भाऊ पाचशे रुपयांत उघडून गेला.

मी काय केलं? त्या जुन्या मशीनवर एक नवा यूजर काढला, पासवर्ड दिला, फोल्डरला फक्त त्यालाच परवानगी. पाचही मशीनवर तेच नाव-पासवर्ड एकदा टाकून लक्षात ठेवायला लावलं. सायनिंग चालू, गेस्ट बंद, एसएमबी१ काढून टाकलं. पाऊण तास लागला. शेठ म्हणाले, "तो तर पंधरा मिनिटांत करून गेला होता." हो जी, गेला होता.

राउटरला लावलेली जुनी हार्डडिस्क मात्र एसएमबी१ शिवाय बोललीच नाही. ती काढून हातात दिली. काही वस्तूंचं वय होतं.

बाकीच्या, भराभर

अट चुकवून जुन्या मशीनवर अकरा टाकणं: होतं, पण अशा मशीनला अपडेट देण्याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. सुरक्षेसाठी अकरावर जायचं आणि अपडेटलाच मुकायचं, यात मला गंमत वाटते. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर तर २४एच२ सुरूसुद्धा होत नाही. अशांनी विंडोज १० वर ईएसयू, म्हणजे वाढीव मुदतीची सुरक्षा अपडेट, घ्या, घरच्या वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, तोवर पैसे जमवा.

टेलिग्रामवरची 'हलकी' आयएसओ (विंडोज टाकायची फाइल): खरी मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते. आणि अ‍ॅक्टिव्हेटर (चोरीची विंडोज अस्सल भासवणारं सॉफ्टवेअर) चालवायला डिफेंडर, विंडोजचाच अँटिव्हायरस, बंद करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

'कोअर आयसोलेशन बंद करा, गेम फास्ट': ते ड्रायव्हरच्या वेशातल्या चोराला कर्नलमध्ये, विंडोजच्या गाभ्यात, शिरू देत नाही. सीए लोकांच्या ऑफिसात डीएससी (डिजिटल सहीच्या) टोकनच्या जुन्या ड्रायव्हरसाठी हे बंद केलेलं सर्रास सापडतं. टोकन बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाका, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

सिक्युअर बूट कायमचं बंद ठेवणं: सिक्युअर बूट ज्यांच्या आधारे सही तपासतं ती २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात, २०२३ ची नवी अपडेटमधून येतात. तेव्हा अपडेट चालू, सिक्युअर बूट चालू, आणि बायोसची अपडेट लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून.

बायोस अपडेट मे महिन्यात दुपारी करणं: हे फक्त नागपूरवाल्यांना समजेल. ४५ डिग्री, बाहेर कुलरची घरघर, आणि कुलर नि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर. कुलरच्या मोटरने झटका दिला, एमसीबी पडला, आणि बायोस अर्धवट लिहिलं गेलं की बोर्ड बाहेर पाठवून चिप नव्याने लिहून घ्यावी लागते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. मी तर ही कामं सकाळी सातला करतो, कुलर लागायच्या आधी.